एकोणीस प्रयोगांनंतर

लोहगडवाडीतून गडाच्या पायऱ्या चढू लागलं की गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. महादरवाज्याचं काम नाना फडणवीसांनी १७९० साली सुरू करवलं आणि १७९४ मध्ये ते पुरं झालं. माथ्यावरची सोळा कोनांची बावही नानांचीच. पुढे पुण्याचं राजकारण अंगाशी येऊ लागलं तेव्हा नानांनी आपला खजिना याच गडावर आणून ठेवला आणि गड धोंडोपंत नित्सुरे या भरवशाच्या माणसाकडे सोपवला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात लोहगड आहे. शनिवार-रविवारी मळवली स्टेशनवरून, भाज्याच्या लेण्यांखालून माणसांची रीघ लागते. वाडीत पिठलं-भाकरी खाऊन ती गडावर जाते आणि नानांनी बांधलेल्या कमानींखालून जाते.

या गर्दीतल्या बहुतेकांच्या मनात नानांची जी प्रतिमा असते, ती मात्र गडावरून आलेली नसते. ती पुण्याच्या एका रंगमंचावरून आलेली असते. गर्भरेशमी शेला, हातात गजरा, पायात नाच आणि नजर नाचणाऱ्या बाईवर, असे ते नाना. डॉ. मोहन आगाशे यांनी रंगवलेले. ज्या नाटकातून ते आले, ते नाटक त्याच्याच संस्थेने एकोणीस प्रयोगांनंतर बंद केलं होतं. राजकारणावर हसणारा कार्यक्रम बंद कसा पडतो, कोण पाडतं आणि त्यानंतर काय उरतं, हे समजून घ्यायला मराठीत याहून चांगलं उदाहरण मला दिसत नाही.

आधी मूळ घटना. लोहगडावर दरवाज्याचं बांधकाम चालू होतं त्याच काळात, ऑगस्ट १७९१ मध्ये, पुण्यात एक भयंकर प्रकार घडला. घाशीराम सावळदास हा औरंगाबादकडचा माणूस १७७७ पासून पुण्याचा कोतवाल होता. शहरात त्याची दहशत होती. श्रावणातल्या दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी काहींनी त्याच्या बागेतली फळं तोडली, असं निमित्त झालं आणि त्याच्या माणसांनी तीसहून अधिक जणांना एका कोंदट जागेत डांबून ठेवलं. सकाळी दार उघडलं तेव्हा वीसहून अधिक माणसं गुदमरून मेलेली होती. शहर खवळलं. नानांच्या वाड्यापुढे जमाव उभा राहिला. कोतवाल नानांच्या मर्जीतला, त्यामुळे आधी चालढकल झाली, पण शेवटी घाशीराम जमावाच्या हवाली झाला आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. या प्रसंगाच्या तपशिलांत बखरी, कागदपत्रं आणि पुण्यातल्या इंग्रज वकिलाची टिपणं यांचं सगळीकडे जुळत नाही. पण एवढा सांगाडा पक्का आहे. मोरोबा कान्होबांनी १८६३ साली यावर ‘घाशीराम कोतवाल’ हे पुस्तक लिहिलं, म्हणजे मराठी गद्य कादंबरी नुकती उभी राहत होती तेव्हापासून ही कथा लेखकांना खुणावत आहे.

विजय तेंडुलकरांनी त्याच नावाचं नाटक लिहिताना तिच्यात वेगळंच पाहिलं. साठच्या दशकाअखेर मुंबईत जे राजकारण उभं राहत होतं, ते पत्रकार म्हणून त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. सत्तेवर बसलेला माणूस स्वतःची सोय म्हणून एखाद्या रागीट, अपमानित माणसाला बळ देतो, त्याच्याकडून नको ती कामं करवून घेतो आणि लोक उठले की त्यालाच लोकांपुढे फेकतो. नाटकातला घाशीराम कनोजहून पुण्यात येतो, चोरीचा खोटा आळ येऊन अपमानित होतो आणि सूड म्हणून स्वतःची मुलगी नानांपुढे ठेवून बदल्यात कोतवाली मिळवतो. मग शहरात पावलापावलाला परवाना लागू लागतो. शेवटी घाशीरामाला मारण्याच्या हुकमावर सही करताना नानांचा हात कापत नाही. मुलीचा मृत्यू, लोकांचे हाल, कोतवालाचा अंत, सगळं होऊन जातं आणि नाना जिथल्या तिथे राहतात. सगळ्यात कडू भाग हाच आहे.

हे सगळं प्रेक्षक हसत हसत पाहत होते. तेंडुलकरांनी कोकणातले खेळे पाहिले होते. माणसांची रांग उभी राहते, डुलते, गाते आणि त्या रांगेतूनच सोंगं बाहेर येतात, ही त्यातली रीत त्यांनी उचलली. त्यात दशावतार, कीर्तन, लावणी आणि तमाशातली बतावणी मिसळली. बतावणीचं नातं इथे महत्त्वाचं आहे. मावळातल्या जत्रांत फड रात्री उशिरा उभा राहायचा. गण-गवळण झाली की सोंगाड्या पाटलाची, फौजदाराची, पुढाऱ्याची खिल्ली उडवायचा आणि ज्यांची खिल्ली उडे ते पुढच्या रांगेत बसलेले असत. दूरदर्शनचा रात्रीचा विनोदी कार्यक्रम यायच्या कितीतरी आधी मराठी मुलखात रात्रीचं राजकीय हसू हे असं होतं. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्य यांनी ते पुण्याच्या शहरी प्रेक्षकापुढे आणलं. ब्राह्मणांची एक रांग मागे उभी. तीच भिंत, तोच पडदा, तोच जमाव. तिने पाठ फिरवली की आड काहीतरी लपलं आणि ती वळली की साऱ्या शहराने पाहिलं. देखावा म्हणून वेगळं काही लागतच नव्हतं.

पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनतर्फे, म्हणजे सगळे जिला पीडीए म्हणतात तिच्यातर्फे. रमेश टिळेकर घाशीराम झाले होते. आणि मग वाद पेटला. आक्षेप दोन होते. एक, नाटक ब्राह्मणद्वेषी आहे. दोन, नानांसारख्या मुत्सद्द्याची विटंबना आहे.

दुसरा आक्षेप थट्टेवारी नेण्याजोगा नाही, असं मी मानतो. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर राज्य कोसळण्याच्या बेतात होतं. बारभाईंचं कारस्थान उभं करून, तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार चालवून नानांनी ते सावरलं. १७८२ चा सालबाईचा तह, १७९५ ची खर्ड्याची लढाई, यामागे त्यांचं डोकं होतं. लोहगडाची ती भक्कम कमान बघणाऱ्याला या माणसाच्या दूरदृष्टीची कल्पना येते. असा माणूस रंगमंचावर बायकांमागे नाचताना दिसला की ज्यांनी त्याला आदराने वाचलं आहे त्यांना लागतं, आणि लागणं खोटं नाही. तेंडुलकरांनी हे ऐतिहासिक नाटक नाही असं स्पष्ट म्हटलं होतं. पण नाव नानांचं, गाव पुणं, आणि प्रेक्षागृह सदाशिव पेठेत. लेखकाच्या एका वाक्याने ही तिन्ही पुसली जात नाहीत. तरीही नाटकाचा रोख ज्या खेळावर होता तो खेळ अठराव्या शतकात संपला नव्हता, आणि आक्षेपाचा आवाज इतका चढला याचं अर्धं कारण तेच होतं असं मला वाटतं.

एकोणीस प्रयोग झाले. मग पीडीएचे अध्यक्ष भालबा केळकर यांनी प्रयोग थांबवले. केळकर कोणी परके नव्हते. पीडीए त्यांनीच उभी केली होती, पन्नासच्या दशकापासून पुण्यात नव्या नाटकासाठी जागा केली होती, डॉ. श्रीराम लागूंसारखे नट त्या संस्थेतून पुढे आले होते. संस्थेचं नाव गावात खराब होतंय, आपल्याला न पटणारी गोष्ट आपल्या नावावर चालली आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं मला काही कारण दिसत नाही. पण नाटक बंद पडलं.

सरकारने हे नाटक बंद केलं नव्हतं, हे पुढच्या सगळ्याच्या मुळाशी आहे. बंद करायचं तर सरकारच्या हातात साधनं भरपूर होती. भारतात नाटक थांबवण्याचा कायदा मुळात एका राजकीय विनोदापायीच जन्मला. १८७६ च्या सुरुवातीला कलकत्त्यात एका वकिलाने इंग्लंडच्या युवराजाला घरी बोलावून घरातल्या स्त्रियांकडून त्याचं स्वागत करवलं. तिथल्या ग्रेट नॅशनल थिएटरने लगेच त्यावर प्रहसन केलं. पोलिसांनी ते थांबवलं, मंडळींनी नाव बदलून पुन्हा केलं, आणि व्हाइसरॉय नॉर्थब्रुकने वटहुकूम काढला. त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. पुढे १९१० मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली, कारण कीचकात प्रेक्षकांना माजी व्हाइसरॉय कर्झन दिसत होता. स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले तरी महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आलं आणि प्रयोगाआधी संहिता मंजूर करून घेण्याची रीत कायम राहिली. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये तिच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली.

आणि याच १९७२ साली याच तेंडुलकरांच्या दुसऱ्या नाटकावर या मंडळाने हात टाकला होता. ‘सखाराम बाइंडर’ची परवानगी काही प्रयोगांनंतर काढून घेतली गेली. दिग्दर्शक कमलाकर सारंग न्यायालयात गेले, भांडले आणि जिंकले. सरकारी हुकमाविरुद्ध भांडायला वाट असते. हुकमावर कुणाची तरी सही असते, कारण लिहिलेलं असतं, ते कारण न्यायाधीशांपुढे तपासता येतं. ‘घाशीराम’वाल्यांना अशी वाटच नव्हती. संस्थेने आपलं नाटक करायचं नाही असं ठरवलं तर त्याविरुद्ध कुठे जाणार? घटनेतलं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य सरकारपासून वाचवतं. स्वतःच्या अध्यक्षापासून, मालकापासून, वाहिनीपासून वाचवत नाही.

जगभरच्या दूरचित्रवाणीवर राजकीय विनोदाचे जे कार्यक्रम बंद झाले, त्यातले पुष्कळसे असेच आतून बंद झाले. बीबीसीने १९६२ च्या नोव्हेंबरात शनिवारी रात्री उशिरा ‘दॅट वॉज द वीक दॅट वॉज’ सुरू केला. तरुण डेव्हिड फ्रॉस्ट त्यात मंत्र्यांची सालं काढायचा. वर्षभरात तो गुंडाळला गेला. पुढचं वर्ष निवडणुकीचं आहे, हे कारण दिलं गेलं. अमेरिकेत सीबीएसवर स्मदर्स बंधूंचा कार्यक्रम व्हिएतनाम युद्धावर बोलू लागला आणि वाहिनी प्रत्येक भाग आधी तपासू लागली. एप्रिल १९६९ मध्ये तो बंद झाला. कारण काय, तर ध्वनिचित्रफीत तपासणीसाठी वेळेवर पोचली नाही. बंधू न्यायालयात गेले आणि १९७३ मध्ये त्यांना ७ लाख ७६ हजार ३०० डॉलरची भरपाई मिळाली. पण ती कराराच्या भंगाबद्दल होती. त्या निकालाने कार्यक्रम परत आला नाही.

अगदी अलीकडचं उदाहरण स्टीफन कोल्बेरचं. न्यूयॉर्कमधून रात्री साडेअकराच्या पुढे लागणारा ‘द लेट शो’ डेव्हिड लेटरमनने १९९३ मध्ये सुरू केला, २०१५ पासून तो कोल्बेरकडे आला आणि आपल्या वेळेत तो सर्वाधिक पाहिला जात होता. जुलै २०२५ मध्ये सीबीएसच्या मालक कंपनीने, पॅरामाउंटने, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याशी चाललेला खटला १ कोटी ६० लाख डॉलर देऊन मिटवला. कोल्बेरने कॅमेऱ्यापुढे त्याला लाच म्हटलं. तीन दिवसांनी, १७ जुलैला, कार्यक्रम मे २०२६ मध्ये संपेल असं जाहीर झालं. कंपनीचं स्कायडान्सबरोबरचं विलीनीकरण तेव्हा सरकारी मंजुरीसाठी अडलेलं होतं. आठवडाभरात मंजुरी मिळाली. निर्णय निव्वळ आर्थिक आहे, असं वाहिनीने सांगितलं, आणि वर्षाला सुमारे ४ कोटी डॉलरचा तोटा होत असल्याच्या बातम्या आल्या. रात्रीच्या कार्यक्रमांचे प्रेक्षक आणि जाहिराती खरोखरच आटल्या आहेत, म्हणून हे कारण सरळ खोटं ठरवता येत नाही. निवडणुकीचं वर्ष, उशिरा आलेली फीत, संस्थेचं नाव, खर्चाचा ताळेबंद: प्रत्येक कारणात थोडं तथ्य असतं. तथ्य नसलेलं कारण कोणी देतच नाही. म्हणून अशा वेळी एकच विचारायचं असतं. हेच कारण, हाच तोटा, कोणाला न दुखावणारा कार्यक्रम असता तर पुरेसा ठरला असता का?

आता पुण्याकडे परत येऊ, कारण तिथे जे घडलं ते न्यूयॉर्कला घडू शकलं नसतं.

प्रयोग थांबल्यावर नाटकातली मंडळी पीडीएतून बाहेर पडली. बहुतेक तरुण, कोणी नोकरी करणारे, कोणी अजून शिकणारे. आगाशे मनोविकारतज्ज्ञ, पटेल बालरोगतज्ज्ञ. नाटकावर कोणाचंच पोट नव्हतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पोट असतं तर किती जण बाहेर पडले असते, कोणास ठाऊक. २७ मार्च १९७३ ला, जागतिक रंगभूमी दिनी, त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली. जानेवारी १९७४ मध्ये ‘घाशीराम’ पुन्हा उभं राहिलं. दिग्दर्शक तोच, नाना तेच, चंदावरकरांच्या चाली त्याच.

हे जमलं कशामुळे? संहिता तेंडुलकरांची होती. लेखकाने ती ज्यांना द्यायची त्यांना दिली. चाली नटांच्या गळ्यात होत्या, पदन्यास पायांत होता. आणि नेपथ्य तर माणसांचंच होतं. पीडीएच्या खोलीत कुलूपबंद करावा असा देखावा, पडदा, महाल त्या नाटकाला नव्हताच. खेळ्यांतून उचललेली ती रांग कलात्मक म्हणून निवडली होती, पण संकटाच्या वेळी तिनेच नाटक वाचवलं. भिंत चालत संस्थेबाहेर आली.

वाहिनीवरच्या कार्यक्रमाचं असं होत नाही. लेटरमन १९९३ मध्ये एनबीसी सोडून सीबीएसवर गेला तेव्हा आधीच्या वाहिनीने त्याच्या गाजलेल्या विनोदांच्या साच्यांवर मालकी सांगितली, आणि दहा गोष्टींची ती प्रसिद्ध यादी त्याला नाव बदलून वाचावी लागली. कोल्बेरने आधीच्या वाहिनीवर स्वतःच्याच नावाचा एक उद्धट निवेदक नऊ वर्षं रंगवला होता. २०१६ मध्ये तो पुन्हा आणल्यावर त्या कंपनीच्या वकिलांनी ते पात्र आपल्या मालकीचं असल्याचं कळवलं. आपल्याकडेही साचा वाहिनीचा असतो. झी मराठीवरचं ‘चला हवा येऊ द्या’ राजकीय नव्हतं आणि ते थांबण्यात राजकारण असल्याचं मी सुचवत नाही. पण २०१४ ते २०२४ ज्या निलेश साबळेंबरोबर ते नाव घराघरांत गेलं, ते दुसऱ्या वाहिनीवर गेले तेव्हा वेगळ्या नावाने कार्यक्रम करावा लागला, आणि २०२५ मध्ये तेच जुनं नाव दुसऱ्या सूत्रसंचालकाबरोबर परत आलं. रंगमंचावरचा नट दार ओलांडताना नाटक सोबत नेऊ शकतो. वाहिनीवरचा विनोदवीर स्वतःचं नावही नेऊ शकेल याची खात्री नसते.

थिएटर अकॅडमीने पुढे सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ १९७४ मध्ये आणि पु. ल. देशपांडे यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ १९७८ मध्ये केलं. १९७६ मध्ये ‘घाशीराम’वर चित्रपट झाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी सहकारी तत्त्वावर तो काढला. के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा, कमल स्वरूप ही त्यातली नावं. त्यात घाशीराम ओम पुरी होते, नाना अर्थात आगाशेच.

१९८० मध्ये नाटकाला बर्लिनच्या महोत्सवाचं आमंत्रण आलं तेव्हा जुना वाद दुप्पट जोराने उठला. पुण्यात बोललं ते बोललं, आता परदेशात महाराष्ट्राची बदनामी करणार का, असा सवाल होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. अखेर दौरा झाला, पण प्रत्येक प्रयोगाआधी एक निवेदन वाचायचं ठरलं: खरे नाना फडणवीस थोर मुत्सद्दी होते आणि पुढे जे दिसेल तो त्यांचा इतिहास नव्हे. सालबाईचा तह ज्यांनी कधी ऐकला नव्हता अशा युरोपीय प्रेक्षकांनी ते निवेदन शांतपणे ऐकलं. मग बारा ब्राह्मणांची रांग मंचावर येऊन उभी राहिली आणि डोलू लागली.